चारशे मीटर

आम्ही हे घर बघायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा थेट आत शिरले. भिंतीला तळवा लावून ओल आहे का ते चाचपत होते, नळ सोडून बघत होते, खिडक्यांच्या कड्या लावून-काढून बघत होते. आई मात्र फाटकापाशीच थांबली. "चल, आपण आधी शाळेपर्यंत जाऊन येऊ," असं म्हणून तिनं माझा हात धरला आणि चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर मला कळलं की ती मनातल्या मनात काहीतरी मोजते आहे. ती माझी पावलं मोजत होती. कोपऱ्यावर मोठा रस्ता ओलांडला, डावीकडे वाचनालय, त्याला लागून शाळा. शाळेच्या दारात आकडा ६८० वर पोचला. परत येताना ती दोनदा थांबली, एकदा एका झाडाखाली आणि एकदा ओसरीत बसलेल्या एका बाईंशी दोन शब्द बोलायला. फाटकाशी आल्यावर तिनं बाबांना हाक मारली आणि सांगितलं, "घ्यायला हरकत नाही." तोवर तिनं घराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.

पुढे मोठी झाल्यावर मी तिला याबद्दल एकदा विचारलं. ती म्हणाली, "खोल्यांचं काय, त्या कमीजास्त करून घेता येतात. भिंत पाडता येते, माडी चढवता येते. शाळा काही ओढून जवळ आणता येत नाही."

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. बाबा ८१ वर्षांचे आहेत, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, आणि आम्ही त्याच घरात राहतो. खाली बाबा, वर आम्ही. गेल्या वर्षी बाबा जिन्यावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आल्यावर रोज चालायचं असं ठरलं. खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खोलीत अशा येरझारा त्यांनी चार दिवस घातल्या. पाचव्या दिवशी काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "असं नुसतं फिरायला मी घड्याळाचा लंबक आहे का? मला वाचनालयात जायचंय."

वाचनालय म्हणजे शाळेला लागून असलेलं तेच. तीसेक वर्षं ते रोज संध्याकाळी तिथे जात आले, सगळी वर्तमानपत्रं चाळत, दोन-चार ओळखीच्या माणसांशी बोलत आणि अंधार पडताना परत येत. मी फोनवर अंतर मोजलं. फाटकापासून वाचनालयाच्या पहिल्या पायरीपर्यंत बरोबर चारशे मीटर. मला पाच मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी बाबा तिसऱ्या घरापर्यंत जाऊन परत फिरले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा पायरीशी पोचले तेव्हा २३ मिनिटं लागली होती आणि वाटेत चार वेळा थांबावं लागलं होतं.

घराच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: शाळा पाच मिनिटांवर, बाग सात मिनिटांवर, दवाखाना दहा मिनिटांवर. त्या दिवसापासून अशी ओळ दिसली की मी थबकते. ही मिनिटं कोणाची? ज्यानं ती लिहिली तो नक्कीच तिशी-चाळिशीतला असणार, गुडघे धड असणार, हातात पिशवी नसणार, कडेवर मूल नसणार.

हा चारशे मीटरचा आकडा नगररचनेत जुना आहे. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नगररचनाकारानं १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी एका आदर्श वस्तीचं चित्र मांडलं. मध्यभागी प्राथमिक शाळा, आणि कोणत्याही घरातून शाळा साधारण पाव मैलावर, म्हणजे चारशे मीटरवर. वस्ती किती मोठी असावी हेसुद्धा त्यांनी शाळेवरूनच ठरवलं: एका शाळेला पुरतील इतकी मुलं जितक्या घरांतून येतील, तितकी घरं. दुकानं वस्तीच्या कोपऱ्यांवर. दहावा हिस्सा जमीन बागांना आणि मैदानांना. मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं जाणारे, म्हणजे मुलाला शाळेत जाताना त्यातला एकही ओलांडावा लागू नये. पेरी स्वतः न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्स गार्डन्स या आखीव उपनगरात राहत होते, त्यामुळे हे सगळं नुसतं कागदावर सुचलेलं नव्हतं. माझ्या आईनं त्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. पण मोजायचं ते मुलाच्या पावलांनी, ही गोष्ट दोघांनाही एकाच वाटेनं कळली असावी असं मला वाटतं, मुलाचा हात धरून चालताना.

त्यांच्या चित्रातली एक अट आमच्या वाट्याला आली नाही. मोठा रस्ता आमच्या आणि शाळेच्या मधोमध आहे.

तो रस्ता बारा मीटर रुंद आहे. सिग्नलवर पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा साधारण दहा सेकंद राहतो. यामागचं गणित सोपं आहे. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत अनेक देशांत वर्षानुवर्षं रूढ होती. बारा मीटरला दहा सेकंद, हिशेब चोख. मात्र इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर निघाला आणि स्त्रियांचा ०.८. म्हणजे सरासरी म्हातारा माणूस दिवा बदलतो तेव्हा रस्त्यातच असतो. अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीत २००९ मध्ये हा गृहीत वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला गेला. अर्ध्या फुटाचा फरक. ज्यांनी तो बदल करवून घेतला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्या अर्ध्या फुटात कोणाचे तरी आई-बाबा पलीकडच्या कडेला पोचतात.

आमचे बाबा सेकंदाला जेमतेम ०.६ मीटर चालतात. पहिल्या वेळी आम्ही बरोबर मध्यावर होतो तेव्हा दिवा बदलला. मी हात वर करून गाड्यांकडे तोंड करून उभी राहिले. एकानं हॉर्न दाबून धरला. बाबांनी पावलं झपाट्यानं उचलायचा प्रयत्न केला, काठी अडखळली आणि माझ्या दंडावरची त्यांची पकड इतकी घट्ट झाली की संध्याकाळपर्यंत तिथे वळ होता. पलीकडे गेल्यावर ते वाचनालयात शिरले नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुझी आई असती तर आज मला ओरडली असती." एवढंच. हिरव्या दिव्याची वेळ वाढवून मिळावी म्हणून मी अर्ज केला आहे, दोनदा आठवण दिली आहे, आणि मिळेपर्यंत देत राहणार आहे.

आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. मी लहान असताना ही गल्ली पलीकडच्या टोकाला बंद होती. ज्याला इथे यायचं आहे तोच इथे येत असे. दुपारी चारनंतर रस्ता आमचा असायचा. खडूनं चौकोन आखायचे, गाडी आलीच तर कोणीतरी ओरडायचं, सगळे कडेला व्हायचे आणि गाडी गेली की खेळ जिथे थांबला तिथून पुढे. मोठी माणसं संध्याकाळी फाटकाशी, ओसरीत, कुंपणाला टेकून उभी असायची. नंतर पलीकडचं टोक मोकळं केलं आणि गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी जवळची वाट झाली. दिवसभर गाड्या. कोणी काही ठरवलं नाही, कोणी भांडलं नाही, पण वर्षभरात ओसरीतल्या खुर्च्या आत गेल्या. पुढच्या खिडक्यांना जाड पडदे लागले. झोपायच्या खोल्या मागे सरकल्या.

हे असंच होतं, हे डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकारानं पन्नासेक वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन शेजारचे रस्ते त्यांनी निवडले. एकावर दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या, दुसऱ्यावर आठ हजार, तिसऱ्यावर सोळा हजार. कमी वर्दळीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते आणि सहाहून थोडे जास्त ओळखीचे. सर्वांत जास्त वर्दळीच्या रस्त्यावर मित्र एकाहूनही कमी आणि ओळखीचे तीन. मला त्याहून चटका लावून गेला तो त्यांचा दुसरा प्रश्न. तुम्ही जिला आपली म्हणता ती जागा कुठून कुठपर्यंत, असं त्यांनी लोकांना विचारलं आणि ती नकाशावर आखली. शांत रस्त्यावरच्या लोकांसाठी ती अख्खा रस्ता होती. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांसाठी ती आपल्या इमारतीपाशी संपत होती, काहींच्या बाबतीत दारापाशीच. रस्ते माणसांना राहण्याजोगे कसे करावेत यावर ज्यांनी आयुष्य घालवलं, ते अ‍ॅपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेनं गेले. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ खिडकीत उभी होते. खालून एकामागून एक दिवे जात होते.

मध्यंतरी हे घर विकून लांब, नव्या वसाहतीत मोठं घर घ्यावं असा विषय निघाला होता. पाच खोल्या, दोन गच्च्या, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. सगळं छान होतं. पण त्या फाटकातून बाहेर पडल्यावर पायी जाण्याजोगं काहीच नव्हतं, आणि बाबा गाडी चालवत नाहीत, मुलगी तर आणखी कितीतरी वर्षं चालवणार नाही. ज्या घरात एका माणसाला बाहेर पडायला दुसऱ्या माणसाची सवड लागते, त्या घराच्या खोल्या मोजण्यात मला अर्थ वाटला नाही. विषय तिथेच संपला.

मुलीचं वेगळंच चाललं होतं. तिला शाळेत एकटं जायचं होतं. "तू माझ्याएवढी असताना एकटी जायचीस ना?" जायचे. पण तेव्हा गल्ली बंद होती, आणि मीच तिला हे शंभरदा सांगितलेलं. हे केवळ आमच्या घरातलं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा ती ९ टक्क्यांवर आली होती. एकोणीस वर्षांत शाळा दूर पळाल्या नव्हत्या, मुलांचे पायही लहान झाले नव्हते. रस्ते बदलले, आणि आई-बापांच्या पोटात गोळा आला. तो गोळा खोटा नाही, मी तो ओळखते. पण मुलाला सांभाळण्याच्या नावाखाली आपण त्याची चारशे मीटरची दुनिया काढून घेतो, याची टोचणीही खोटी नाही.

मग मी आईची पद्धत वापरली. एका रविवारी मुलीला घेऊन निघाले आणि पावलांऐवजी खिडक्या मोजल्या. रस्त्यावर दार किंवा खिडकी उघडी असलेली घरं किती? सकाळी शाळेच्या वेळेला बाहेर कोण असतं? दुसऱ्या घरातले काका झाडांना पाणी घालतात. सातव्या घरातल्या आजी गॅलरीत बसलेल्या असतात. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्याच वेळेला उघडतं आणि दुकानदार दारासमोरचा रस्ता झाडत असतो. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये रस्त्यावरच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे सहज वावरणाऱ्या, आपापलं काम करता करता बघणाऱ्या माणसांमुळे, हे त्यांचं म्हणणं मी त्या रविवारी स्वतः चालून तपासलं. म्हणूनच मला दुकान, वाचनालय, दवाखाना यांना नुसत्या सोयी म्हणणं अपुरं वाटतं. औषधं घरपोच येतात, पुस्तकं फोनवर वाचता येतात, तेव्हा सोय म्हणून त्यांचं काम भागतं. सकाळी दार उघडून रस्ता झाडणारा माणूस मात्र त्यात येत नाही.

याच फेरीत एक जुनी गोष्टही उलगडली. आमच्याकडे दोन बागा आहेत. मागची मोठी, आखीव, झाडांनी भरलेली, आणि जवळजवळ नेहमी ओस. पुढची लहानशी, चार झाडं आणि एक घसरगुंडी, पण सतत माणसं. मोठीला तिन्ही बाजूंनी उंच भिंत आहे आणि सभोवती घरांच्या पाठी. लहान बागेकडे अकरा घरांची तोंडं आहेत. आतल्या मुलाला स्वयंपाकघरातून हाक मारता येते. बागेत काय आहे याच्याइतकंच बागेकडे कोण तोंड करून आहे हे महत्त्वाचं, आणि मी इथे इतकी वर्षं राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलगी आता मोठ्या रस्त्यापर्यंत एकटी जाते. रस्ता औषधांच्या दुकानासमोर, दुकानदार काकांच्या नजरेखाली ओलांडते. पहिले पंधरा दिवस मी व्हरांड्यात उभी असायचे. मग तिनंच सांगितलं की ती मागे वळून बघत नाही, त्यामुळे माझ्या उभं राहण्याचा तिला उपयोग नाही.

बाबांचा प्रश्न होता थांबायचं कुठे. पाय दुखायला लागले की माणसाला बसायला जागा लागते, आणि ती दिसेल अशी लागते, नाहीतर तो निघतच नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्दळीच्या पायवाटांवर साधारण दर ५० मीटरवर बसायची सोय असावी असं म्हटलं आहे. त्या हिशेबानं आमच्या चारशे मीटरवर सात जागा हव्यात. होती एकही नाही. बाबा पहिल्यांदा टेकले ते चौथ्या घराच्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर. वर खडबडीत सिमेंट, बसायला अवघड. दोन दिवसांनी तिथल्या काकूंनी त्या भिंतीवर एक गुळगुळीत फळी बसवून घेतली. काही बोलल्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा फळी होती. पुढच्या महिन्यात नवव्या घरासमोर झाडाखाली एक जुना, बिनपाठीचा बाक आला. औषधांच्या दुकानात एक खुर्ची दाराशी राहायला लागली. पालिकेच्या बाकासाठी मी अर्ज केला होता, तोही चार महिन्यांनी बसवला गेला, वाचनालयाच्या अगदी अलीकडे, आणि तो उत्तम आहे: पाठ आहे, हात आहेत, उठताना बाबांना हाताला आधार मिळतो. आता त्या फळीवर, त्या बाकावर बाबांपेक्षा इतरच माणसं जास्त दिसतात. कडेवर मूल घेतलेली एक मुलगी, शाळा सुटल्यावर दप्तरं टाकून बसलेली पोरं. ओसरीतल्या खुर्च्या आत गेल्यावर इतक्या वर्षांनी कोणीतरी पुन्हा रस्त्यावर बसतं आहे.

गेल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, बाबांना बाहेर पडता येईना. मी अ‍ॅपलयार्ड यांच्या प्रश्नाबद्दल त्यांना सांगितलं आणि वस्तीचा नकाशा कागदावर काढून दिला. "आपलं घर कुठवर, ते दाखवा." मुलीनं आधी पेन्सिल ओढून घेतली. तिची रेघ गल्लीभर गेली, लहान बाग तिनं सगळी आत घेतली, शाळेचं मैदान घेतलं, मोठ्या रस्त्यावर मात्र पेन्सिल उचलून पलीकडे ठेवली. रस्ता आपला नाही म्हणाली. मी माझी रेघ काढली.

बाबा बराच वेळ नकाशाकडे बघत होते. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघ काढलीच नाही. चौथ्या घरावर एक ठिपका दिला. नवव्या घरासमोर एक. दुकानाशी एक, वाचनालयाअलीकडे एक. मुलगी म्हणाली, "आजोबा, रेघ काढायची असते. हे जोडा ना."

"थांब," बाबा म्हणाले, "मधे अजून तीन लागतील," आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, जिथे अजून काहीच नाही, तिथे पेन्सिल टेकवून त्यांनी मला विचारलं, "इथे कोण राहतं गं?"